वायरलेसवरची जागा

नाटे गावात जेटीवर चार माणसं बसली आणि बोलणं माझ्या थोरल्या भावावर आलं, की आजही कोणीतरी म्हणतं, "जागा लपवली, ती त्याच्यावरच उलटली." बोलणारी माणसं वाईट नाहीत. त्यांतल्या बऱ्याच जणांनी दादाला शोधायला खवळलेल्या समुद्रात स्वतःच्या बोटी घातल्या होत्या. पण ते म्हणतात ते खरं नाही. दादाने जागा लपवली ती त्यांच्यापासून, माझ्यापासून नाही. हे मी वर्षभर कोणाला सांगितलं नाही. मेलेल्या माणसावर आळ येत होता आणि मी खाली मान घालून त्याच माणसांबरोबर चहा पीत बसत होतो.

मी रत्नागिरीला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. आमच्या घरात पाण्यावर न गेलेला मी पहिलाच पुरुष. बाबा तांडेल होते, म्हणजे बोटीचा ताबा त्यांच्याकडे असे. त्यांच्यानंतर दादा तांडेल झाला. दहावीला त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते, पण बाबांचे गुडघे गेले आणि त्याने दप्तर ठेवून बोट धरली. आमच्या घरात ही गोष्ट कोणी बोलून दाखवत नसे, त्यामुळे ती मला जास्तच टोचत असे.

पहिला कॉम्प्युटर मी शिकत असताना जुना घेतला. त्यात एक साउंड कार्ड होतं, आणि त्या कार्डावर स्वतःचा एक छोटा प्रोसेसर होता. गाण्यात घुमारा आणणं, आवाज जाडबारीक करणं, एवढंच त्याचं काम. त्याच प्रोसेसरला दुसरीही गणितं घालता येतात असं मी कुठेतरी वाचलं आणि तिथून माझं डोकं फिरलं ते फिरलंच. जी वस्तू ज्यासाठी केली आहे ते सोडून तिच्याकडून भलतंच काम काढायचं, हे माझं वेड झालं. बोटींवरचे वायरलेस सेट भयंकर खरखरत. मी घरी खिडकीपाशी एक जुना सेट मांडला, त्याची वायर साउंड कार्डाच्या माइकच्या भोकात खुपसली आणि कार्डाकडून इंजिनाची घरघर वेगळी काढून माणसाचा आवाज तेवढा ठेवायच्या मागे लागलो. आवाजाची ही गाळणी नीट चालते का हे तपासायला गावच्या बोटी दिवसभर एकमेकींशी काय बोलतात ते रेकॉर्ड करून ठेवी. हळूहळू लोक बिघडलेले सेट माझ्याकडे आणून टाकू लागले.

"गाण्याच्या पेटीक हिशोब शिकवतस," दादा म्हणायचा. "चालायचाच. तांडेलाच्या पोराक नाय कॉलेजात घातला?"

एका दिवाळीच्या सुट्टीत मी असाच हेडफोन कानाला लावून बसलो होतो. दादाचा आवाज आला. कोणीतरी त्याला विचारलं होतं, कुठे आहेस म्हणून. "पूर्णगडाच्या समोर, अठरा वाव पाण्यात. मासळी काय नाय, फुकट फेरा," तो म्हणाला. संध्याकाळी बोट लागली तर टोपल्या सुरमईने भरलेल्या. घरी आल्यावर मी त्याला पकडलं. तो ओल्या शर्टानेच माझ्या टेबलाशी बसला आणि हसत सुटला.

"वायरलेसवर खरी जागा कोण सांगता काय, येड्या?" तो म्हणाला. "खरी सांगितली तर सकाळी धा बोटींची जाळी तिथंच पडतली."

मग त्याने मला रीत सांगितली. वायरलेसवर प्रत्येक तांडेल खोटं बोलतो, आणि दुसरा खोटं बोलतोय हे प्रत्येकाला ठाऊक असतं. त्यात कोणाला राग नाही, लाज नाही. मात्र प्रत्येकाचं खोटं ठरलेलं असतं आणि ते कसं उलटवायचं हे फक्त त्याच्या घरातल्यांना सांगून ठेवलेलं असतं. बाबांनी दादाला सांगितलं होतं. दादाचं खोटं सोपं होतं. तो पूर्णगड बोलला की विजयदुर्ग समजायचं. म्हणजे गावाच्या उत्तरेला सांगितलं की बोट गावाच्या दक्षिणेला. वाव मात्र तो खरे सांगे, पाण्याची खोली बदलली की आपलाच घोळ होतो म्हणून.

"तुझ्या वहिनीक सांगितलंय आणि आता तुका," तो म्हणाला. "तिसऱ्याक नाय. उद्या काय झाला तर शोधूक तूच येणार ना."

मी हो म्हटलं आणि परत माझ्या खरखरीकडे वळलो. मला त्या वेळी ती गंमत वाटली होती, एवढं आठवतं.

पुढे नोकरी लागली, रत्नागिरीत बिऱ्हाड झालं, साउंड कार्ड माळ्यावर गेलं आणि त्याची जागा ग्राफिक्स कार्डाने घेतली. एका दुकानात कोणीतरी मोडीत काढलेलं कार्ड मिळालं, चांगलं विटेएवढं जाड. हे कार्ड पडद्यावरच्या चित्राचे ठिपके रंगवायला केलेलं असतं. एकेका ठिपक्याचं गणित अगदी किरकोळ, पण ठिपके लाखांनी, आणि सगळ्यांचं गणित एकाच वेळी. मुलांना वर्गात सांगताना मी रापणीचं उदाहरण देतो. कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर म्हणजे एकटा पहिलवान, आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे किनाऱ्यावर रापणीचं लांबलचक जाळं ओढणारा अख्खा गाव. त्यातला एकेक माणूस साधा, पण दोर सगळ्यांच्या हातात. आता या गावाला रंगाचं गणित न देता दुसरं दिलं तर? मी प्रत्येक ठिपक्याला समुद्रात तरंगणारी वस्तू मानलं. तिला वारा किती ढकलतो, पाण्याची ओढ किती, भरतीओहोटीने ती किती मागेपुढे होते, हे दर दहा मिनिटांनी काढत जायचं. दोन लाख ठिपके एका जागेवरून सोडायचे आणि दोन दिवसांनी ते समुद्रात कुठे दाट झालेत ते बघायचं. पहिलवानाला या कामाला आठवडा लागला असता. कार्ड ते अर्ध्या तासात करी आणि पंखा घरघरवून घर तापवी.

दोन हंगामांपूर्वी दादाचं जाळं तुटून वाहून गेलं. त्याने रत्नागिरीला येऊन जाळं कुठे तुटलं ती जागा सांगितली, अर्थात खरी. मी ठिपके सोडले. पडद्यावर ठिपक्यांचा दाट ढग आला तिथे दादा बोट घेऊन गेला आणि जाळं सापडलं. पुरं नाही, पण बरंचसं. गावभर झालं. त्यानंतर आणखी दोघांची जाळी मी शोधून दिली. तेही दोघं आपापली खरी जागा कानात सांगून गेले, कोणाला बोलू नको अशी शपथ घालून. लोक मला जेटीवर खुर्ची देऊ लागले. तांडेलाच्या घरात जन्मून पाण्याला भ्यालेला मी, आणि मला खुर्ची. ती खुर्ची मला फार आवडली होती, हे इथे लिहून टाकतो.

पुढच्या वर्षी पाऊस संपून हंगाम रंगात आला होता आणि अचानक समुद्रात वारा उठला. मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला दादा वायरलेसवर शेवटचं बोलला. बोटीवर तो आणि तीन खलाशी, तिघेही नेपाळचे. सोसायटीच्या शेडमधल्या सेटवर बसणाऱ्या माणसाने त्याचं बोलणं लिहून घेतलं होतं: पूर्णगडाच्या समोर, बावीस वाव, वारा वाढलाय, जाळं ओढतो आणि निघतो. पुढे काही नाही. बाकीच्या बोटी दुपारपर्यंत परतल्या. दादाची आली नाही.

बुधवारी उजाडताच मला फोन आला. मी लिहून घेतलेली जागा विचारली आणि जशीच्या तशी मशीनमध्ये घातली.

हेच ते. इतकंच झालं. त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते मी हजारदा आठवून पाहिलं आहे आणि तिथे काहीच सापडत नाही. शंका नव्हती, घाई होती. वाऱ्याचे आकडे उतरवून घे, भरतीची वेळ तपास, माणूस पाण्यात किती बुडालेला असतो त्याप्रमाणे वाऱ्याचा जोर कमी कर, यात मी बुडून गेलो. सगळं अगदी काटेकोर केलं. एकच आकडा तपासला नाही, कारण तो माझ्या भावाच्या तोंडचा होता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे मी दरवर्षी पहिल्या तासाला मुलांना सांगतो.

दुपारी कागद घेऊन मी जेटीवर पोचलो. वारा थोडा पडला होता. शेडमध्ये तांडेल आपसात समुद्र वाटून घेत होते. बोट चुकली की आमच्याकडे अशीच रीत आहे. कोणी काय सांगितलं याला कोणी विचारत नाही. अकरा बोटी असल्या तर अकराही वेगवेगळ्या दिशांना, पंख्यासारख्या पसरतात. मला त्या रीतीचा अर्थ तेव्हा कळला नव्हता. वायरलेसवरची जागा खोटी असते म्हणूनच ती रीत पडली असणार. अडाण्यांचा कारभार, असं मला मनातून वाटलं आणि मी कागद टेबलावर पसरला. पूर्णगडाच्या दक्षिणेला, गावासमोरच्या खोल पाण्यात, लाल पेनाने चौकोन केला होता.

"सगळ्यांनी इथे जायचं," मी म्हणालो. "पसरून ताकद वाया घालवू नका."

सगळ्यांत वयस्क तांडेल कागदाकडे बघत राहिले. बाबांच्या बरोबरीचे ते. "नक्की?" त्यांनी मला विचारलं.

"नक्की," मी म्हणालो.

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. अकरा बोटी माझ्या चौकोनात गेल्या. सरकारी शोधबोटीसाठी अर्जही मीच लिहिला, कारण अर्ज लिहिणारा गावात दुसरा कोण होता, आणि त्यातही तीच जागा घातली. गुरुवारी मी नवे आकडे घेऊन चौकोन पुढे सरकवला आणि बोटी पुन्हा त्यात गेल्या. दिवसभर त्यांना एक पत्र्याचा डबा आणि दुसऱ्याच कोणाच्या तरी जाळ्याचे बोये सापडले. घरात वहिनी आणि तिच्या दोन मुली देवापुढे बसून होत्या. मी आत जाऊन तिला सांगितलं की मशीन बरोबर चाललं आहे, काळजी करू नका. तिने मान हलवली. तिने वायरलेसबद्दल मला काही विचारायला हवं होतं असं आज वाटतं, पण तिने का विचारावं? जागा मला माहीत आहे हे तिला माहीत होतं.

शुक्रवारी सकाळी मालवणकडच्या एका बोटीला तीन खलाशांपैकी एक जिवंत सापडला. डिझेलचे दोन रिकामे कॅन दोराने एकत्र बांधून तो त्यांना धरून होता. मी घातलेल्या चौकोनापासून किती दूर ते मी मोजलं आहे, पण इथे लिहीत नाही. बोट मंगळवारी दुपारी उलटली, दोन खलाशी लाटांत लगेच दिसेनासे झाले, असं तो म्हणाला. तांडेल आणि तो कॅनला धरून राहिले. मंगळवारची रात्र, बुधवार, बुधवारची रात्र, गुरुवारचा दिवस. गुरुवारी दिवस बुडता बुडता तांडेलाचे हात सुटले.

दवाखान्यात पोलिसांनी त्याला बोट कुठे होती ते विचारलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. तो म्हणाला, सकाळी जाळं टाकताना विजयदुर्गाचा किल्ला दिसत होता.

मी तिथेच खाली बसलो. मी भावाच्या दुःखाने बसलो असं समजून नर्सने पाणी दिलं. दादा माझ्या टेबलाशी ओल्या शर्टाने बसलेला, हसणारा, आणि पूर्णगड बोललो की विजयदुर्ग समजायचं, हे सगळं त्या एका क्षणात माझ्यापुढे उभं राहिलं. आठवायला काही कष्ट पडले नाहीत. बुधवारी सकाळीही पडले नसते.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत तो जिवंत होता. दोन पूर्ण दिवस.

दादा सापडला नाहीच. दर्भाचा पुतळा करून त्याचं सगळं केलं. वाहून गेलेल्या दोन खलाशांच्या घरी फोन लावायचं काम माझ्याकडे आलं. एकाच्या आईला आमची भाषा कळेना आणि मला तिची. ती नुसतं मुलाचं नाव घेत राहिली आणि मी हो, हो म्हणत राहिलो. असल्या फोनवर हो म्हणणारा माणूस किती हलकट असतो ते मला त्या दिवशी कळलं.

गावात दोन दिवसांत निकाल लागला. तांडेलाने वायरलेसवर जागा खोटी सांगितली, म्हणून सगळे भलतीकडे शोधत राहिले. मशीन बिचारं काय करणार, भाऊ बिचारा काय करणार. लोक येऊन माझ्या पाठीवर हात ठेवत. तुम्ही शिकलेले म्हणून एवढं तरी झालं, असंही कोणी म्हणालं. वहिनी आतल्या दारात बसून ते ऐकत असे. तिच्या नवऱ्याला तिच्याच ओसरीवर खोटारडा ठरवलं जात होतं आणि पाहुणे म्हणून तिलाच त्यांना चहा द्यावा लागे. मी एकदा तोंड उघडलं असतं तर ते थांबलं असतं. मी उघडलं नाही. उद्या सांगू म्हटलं, तेरावं होऊ दे म्हटलं, मुलींच्या परीक्षा होऊ देत म्हटलं. भित्र्याला कारणांची कधी वाण पडत नाही.

तेराव्याला ते वयस्क तांडेल माझ्या शेजारी येऊन बसले. 

"जागा खयची घातली होतीस तू?" त्यांनी हळूच विचारलं.

"वायरलेसवरची," मी म्हणालो.

ते जेवायचे थांबले. "आमका वाटला, तू भाऊ त्याचो," ते म्हणाले. "तुका खरी ठावक असतली. म्हणान पसरलो नाय आमी."

वायरलेसवरची जागा खोटी असते हे त्या शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी "नक्की" म्हणालो तेव्हा प्रत्येकाने मनात धरलं होतं की घरातलं खरं घरातल्याने काढून आणलं आहे. ते विचारायचं नसतं, म्हणून कोणी विचारलं नाही. मी कागद नेला नसता तर अकरांतल्या चार-पाच बोटी तरी दक्षिणेला गेल्या असत्या. म्हाताऱ्याने परत कधी ती गोष्ट काढली नाही, आणि माझ्या देखत दुसऱ्या कोणी काढली तर तो उठून जातो. मला खरी जागा ठाऊक नव्हती एवढंच त्याने ओळखलं, की त्याहून जास्त, ते मला माहीत नाही.

पुढे एका रविवारी भर दुपारी मी मशीन चालू केलं आणि दोन लाख ठिपके खऱ्या जागेवरून सोडले. वरातीमागून घोडं, पण केल्याशिवाय राहवेना. खलाशी जिथे सापडला ती जागा शुक्रवारी सकाळच्या ढगात बरोबर मध्यावर आली. यंत्राची काही चूक नव्हती. मी तास मागे नेले. गुरुवारी दुपारचा ढग बघितला. लहान होता, दाट होता. नाट्याच्या जेटीवरून साधी बोट तिथे चार तासांत पोचली असती. बुधवारचा तर आणखी जवळ. पडद्यावर ते ठिपके जगत होते, हळूहळू दक्षिणेला सरकत होते, आणि त्यांच्याजवळ एकही बोट नव्हती. पंखा घरघरत होता. बायकोने जेवायला हाक मारली तेव्हा मी प्लग ओढून काढला.

कधीतरी माळ्यावरची जुनी डिस्कही काढली. त्यात दादाचा आवाज आहे. पूर्णगडाच्या समोर, अठरा वाव, मासळी काय नाय, फुकट फेरा. खरखर मी तेव्हाच काढून टाकली असल्यामुळे अगदी स्वच्छ ऐकू येतो. बोलताना तो हसू दाबतोय हेसुद्धा कळतं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मी गावाला गेलो. ओसरीवर शेजारचे एक काका बसले होते. उद्याची तयारी विचारता विचारता ते सवयीने म्हणाले, "माणूस चांगला होता, पण जागा लपवली ना." काका गेले. वहिनी मागच्या पडवीत सुपात तांदूळ निवडत बसली होती, मुली शाळेत होत्या. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. मला बोलायची सुरुवात सापडेना, म्हणून सगळ्यात शेवटचं वाक्यच आधी बोललो.

"वहिनी, मला खरी जागा माहीत होती. दादाने सांगून ठेवली होती. त्या दिवशी मला आठवलीच नाही."

तिने खडा काढून बाजूला टाकला. "ठावक हाय माका," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"खलाशी सापडला तवापासून. विजयदुर्ग बोलला ना तो, मग माका कळला. तुमी वायरलेसवरचीच घातलात."

म्हणजे वर्षभर. ओसरीवरचं सगळं बोलणं, सगळा चहा, माझ्या पाठीवरचे सगळे हात तिने हे माहीत असताना बघितले होते. मला एकदम तिचा राग आला. इतकी मोठी गोष्ट पोटात ठेवून ती मला जेवायला वाढत होती, याचा राग. मी म्हणालो, "मग बोलला का नाहीत? लोक त्याला नाही नाही ते बोलत होते."

"मेलेल्या माणसाक कोण काय बोलला तर ऐकू येत नाय, भावजी. जित्याक येता." तिने सूप हलवलं. "एक गेलोच होतो. दुसरो कशाक घालवू?"

मी तिथे रडलो. ती निवडत राहिली. मला वाटलं संपलं, आता उठावं. तेवढ्यात तिने सूप खाली ठेवलं.

"आज तुमी आपणहून काढलात म्हणान सांगतंय," ती म्हणाली. "नायतर मराक लागला तरी बोलले नसते. तो खलाशी गावाक जायच्या आधी माका भेटून गेलो. पोराक बोलताना रडू येत होता. म्हणालो, बुधवारच्या रात्री तो हात सोडूक बघत होतो तर ह्यांनी त्याका कॅनाक बांधून घातलानी. आणि सांगत रवले, घाबरू नको. सकाळी बोटी हयच येतले. माझ्या भावाक जागा ठावक हाय."

गुरुवारी दिवसभर दादा नाट्याच्या दिशेला तोंड करून होता, असंही खलाशाने तिला सांगितलं होतं. एवढं बोलून वहिनीने सूप परत मांडीवर घेतलं. तांदूळ अर्धे राहिले होते. मी तिच्या हातातून थोडे घेतले आणि आम्ही दोघांनी बसून ते निवडून काढले.